सुट्या फळ्यांची केबिन: एका हंगामाच्या वापरानंतर

अवजारे, बियाणे आणि काढलेला माल ठेवण्यासाठी आमच्या लहानशा शेतावर चार बाय पाच मीटरची लाकडी केबिन हवी होती, म्हणून आम्ही कापून तयार येणारा संच मागवला. ही शेती सभासदांच्या आधारावर चालते. हंगामाच्या सुरुवातीला सभासद आगाऊ रक्कम भरतात आणि दर आठवड्याला जे पिकेल त्यातला वाटा नेतात. पीक कमी आले तर वाटा कमी होतो, हे त्यांनी आधीच मान्य केलेले असते. केबिन उभी राहिली तीही त्यांच्याच हातांनी.

संचाची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे प्रत्येक फळीवरचा क्रमांक. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी करवत धरली नव्हती, असे लोकही फळी उचलून तिच्या जागी नेऊन बसवू शकले. फळीच्या वरच्या कडेला जिभली, म्हणजे पुढे आलेली अरुंद पट्टी, आणि खालच्या कडेला ती आत बसेल अशी खोबण असते. हा क्रम उलटला तर पावसाचे पाणी सांध्यात साचते. पहिल्याच दिवशी एकाने थेट जिभलीवर हातोडा मारला, ती चेपली आणि वरची फळी काही केल्या बसेना. त्यानंतर मात्र उरलेल्या फळीचा खोबणीचा तुकडा मध्ये धरूनच ठोकायचे, असे ठरले.

पाया संचात येत नाही, आणि खरा कस तिथेच लागतो. चार बाय पाचच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सुमारे ६.४० मीटर भरले पाहिजेत; आमच्या कर्णांत दोन सेंटीमीटरांचा फरक निघाला आणि तो काढण्यात अर्धा दिवस गेला, पण तो गेला याचे मला समाधान आहे, कारण दार आजही कुठे घासत नाही.

माझी खरी तक्रार माहितीपुस्तिकेबद्दल आहे. दोन माणसांचे काम म्हणून सांगितलेली आढ्याची तुळई चढवायला चौघे लागले. त्याहून गंभीर बाब अशी, की लाकूड वाळते तशी फळ्यांची भिंत खाली बसते, म्हणून खिडकीच्या चौकटीवर मोकळी फट सोडावी आणि चौकट फळ्यांना स्क्रूने पक्की करू नये, याचा तिच्यात उल्लेखच नाही. आम्ही ती पक्की केली होती. दुसऱ्या महिन्यात खिडकी अडकली आणि तिच्या वरच्या दोन फळ्यांमधून उजेड दिसू लागला. सभासदांतल्या एका अनुभवी सुतारकाकांनी पाहताक्षणी स्क्रू काढायला लावले. आठवडाभरात फळ्या पुन्हा एकमेकींवर बसल्या. असे कोणी जवळ नसेल, तर खरेदीपूर्वीच विक्रेत्याला या फटीविषयी स्पष्ट विचारावे.

पन्हळीही वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि शेतीसाठी केबिन घेणाऱ्याने त्या टाळू नयेत. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी येते; आमचे छप्पर वरून मोजल्यास २४ चौरस मीटर जागा झाकते, म्हणजे १० मिलिमीटरच्या सरीत, थोडे वाया गेले तरी, दोनशे लिटरांहून अधिक पाणी पिंपात जमा होते. या हंगामातली बहुतेक रोपे त्याच पाण्यावर वाढली.