व्यसनमुक्ती केंद्र, सुधारकेंद्र की दोन्ही एकत्र? हरकतीवर सही करण्याआधी

वसाहतीजवळच्या भूखंडावर व्यसनमुक्ती केंद्र आणि बंदिवानांचं सुधारकेंद्र मिळून येणार असं कानावर आलं, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरते आणि हरकतीचा अर्ज फिरू लागतो. सही करायची की नाही, या विचारात असलेल्या नाशिककरांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. उपचाराचं केंद्र वस्तीत हवं, बंदिवानांची सोय कारागृहाच्या आवारातच हवी, आणि दोन्ही एका कुंपणात आणणारा प्रस्ताव आला तर त्याला विरोध करावा.

लोक घाबरतात ते उगीच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना उद्ध्वस्त केला आणि सुमारे ३०० कोटींचा माल पकडल्याचं सांगितलं. त्या प्रकरणातला मुख्य आरोपी त्याआधी काहीच दिवस, २ ऑक्टोबरला, पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला होता. तो तिथे उपचारासाठी ठेवलेला कैदी होता. रुग्णालय आणि कोठडी एकत्र आली की दोन्हींची शिस्त कशी सैल पडते, हे तिथे दिसलं. म्हणून ‘एकत्र’ या प्रस्तावाला माझा विरोध आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

आता दोन्ही ठिकाणी येतं कोण, ते पाहू. व्यसनमुक्ती केंद्रात येणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो: अंबड-सातपूरला पाळीवर जाणारा कामगार, कॉलेजातला मुलगा, निवृत्तीनंतर पिणं वाढलेले काका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तो स्वतःच्या इच्छेने दाखल होतो. निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर नामनिर्देशित व्यक्तीच्या, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्याच्या, अर्जावर आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतर, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. अमली पदार्थविरोधी कायद्यानेही (१९८५) वाट ठेवली आहे. अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले, तर कलम ६४अ खाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कलम ३९ खाली न्यायालय दोषी ठरलेल्यालाही बंधपत्र घेऊन उपचारासाठी सोडू शकतं. ही माणसं न्यायालयाकडून आली म्हणून त्यांना पहारा लागतो असं नाही. त्यांना मी सुधारकेंद्रात नाही, उपचाराच्या बाजूला धरतो.

सुधारकेंद्राचं तसं नाही. तिथे पहारा लागतो, भेटीची नोंद लागते, न्यायालयात नेण्या-आणण्याच्या गाड्या लागतात. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहेच. शिवाय २०१७ च्या कायद्याचं कलम १०३ सांगतं, की प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी, आणि या कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. मग बंदिवानांचे उपचार तिथेच का वाढवू नयेत, हा प्रश्न सुनावणीत जरूर विचारा. अल्पवयीन मुलांचा उल्लेख प्रस्तावात असेल तर तो तिथेच थांबवा. त्यांच्यासाठी बाल न्याय कायदा वेगळा आहे, प्रौढांसोबत त्यांना ठेवताच येत नाही.

सभेत हमखास येणारा तोडगा म्हणजे ‘न्या की सिन्नरच्या पुढे’. बंदिवानांच्या सोयीसाठी तो एक वेळ चालेल. उपचारासाठी तो घातक आहे. व्यसन परत उलटतं, त्यामुळे दाखल असतानाच्या दिवसांपेक्षा नंतरचे महिने अवघड जातात. दर आठवड्याला समुपदेशनाला यायचं, बायकोला किंवा आईलाही आणायचं, आणि हे सगळं हातातली नोकरी सांभाळून. सिटीलिंकची बस जिथे जाते तिथे माणूस येतो. दोन गाड्या बदलून माळरानावर कितीजण जातील? दारू अचानक तोडल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा जिल्हा रुग्णालय जवळ असणं फार मोलाचं ठरतं. आधीच उपचार कमी पडतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ पैकी एकालाच काही मदत मिळाल्याचं दिसलं होतं.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून येरवड्यात चालू आहे. ते सुरू झालं तेच मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि येरवडा कारागृहही त्याच परिसरात. तरीही तुरुंग तुरुंगाच्या जागी आणि उपचार उपचाराच्या जागी राहिले. शेजार चालतो, सरमिसळ चालत नाही. घरांच्या किमती पडतील म्हणणाऱ्यांनी आपल्या जेलरोडकडे पाहावं. कारागृह तिथे आहे म्हणून घरं बांधायची आणि घ्यायची कुणी थांबलं नाही.

मला खरी भीती वाटते ती नोंदणी नसलेल्या बंगल्याची. बाहेर पाटी लागते, आत डॉक्टर नसतो, खोल्यांना बाहेरून कुलूप असतं. कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे, पण रात्री तपासायला जातो कोण? म्हणून शेजाऱ्यांनी कोण येणार याच्याइतकंच चालवणार कोण हेही विचारावं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, रात्री डॉक्टर कोण असेल, आग लागली तर बाहेर पडायचा मार्ग कोणता, घरच्यांना भेटू देतात का. चालकाने उत्तरं टाळली, तर प्रस्ताव निव्वळ व्यसनमुक्तीचा असला तरी मी सही विरोधात करेन.

उत्तरं नीट मिळाली आणि केंद्र फक्त उपचाराचं असेल, तर अर्ज बदलायला सांगा. ‘केंद्र नको’ ही ओळ खोडून लिहा: बंदिवानांचा विभाग वगळावा, नोंदणीची प्रत जाहीर करावी, रहिवासी, महापालिका आणि पोलीस यांची दर तिमाहीला बैठक घ्यावी. जागेच्या वापरात बदल करायचा असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघाल्यापासून हरकती आणि सूचनांसाठी एक महिन्यापर्यंत मुदत असते. अर्ज त्या मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. घरातल्या कुणासाठी आत्ताच मदत हवी असेल तर केंद्र उभं राहायची वाट पाहू नका. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.