एसक्यूलाइटसाठी वेब एडिटर लावायचाय: ॲडमिनर, एसक्यूलाइट-वेब की डेटासेट?

एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, त्यामुळे ती आपल्याच लॅपटॉपवर असेल तर डीबी ब्राउझर हा लॅपटॉपवरचा प्रोग्राम उघडा आणि काम करा, वेब एडिटरच्या, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस बघायच्या-बदलायच्या टूलच्या, भानगडीत पडूच नका. खरी पंचाईत फाइल सर्व्हरवर असते तेव्हा होते, म्हणजे दर वेळी ती डाउनलोड करायची, बदलायची, परत अपलोड करायची, आणि मधल्या वेळात ॲपने त्यात काही लिहिलं असेल तर ते गेलंच. माझं एकदा असंच गेलं, तेव्हापासून मी वेब एडिटर वापरते.

निवडायच्या आधी एक लक्षात घ्या: एसक्यूलाइटला स्वतःचा युजर नाही की पासवर्ड नाही. मायएसक्यूएलला निदान स्वतःचं लॉगिन असतं, इथे मात्र ज्याला एडिटरचं पान उघडता आलं त्याच्या हातात सगळा डेटा. म्हणून मी फीचर नंतर बघते, दार कसं बंद होतं ते आधी.

साधं पीएचपी होस्टिंग असेल तर ॲडमिनर. एकच पीएचपी फाइल टाकायची, पीएचपीमध्ये एसक्यूलाइटचं एक्स्टेन्शन चालू आहे ना ते बघायचं, झालं. पण लॉगिन करायला गेलात की तो अडवतो, कारण पासवर्ड नसलेल्या डेटाबेसला तो मुद्दामच आत घेत नाही. त्यासाठी पासवर्डलेस लॉगिनचं प्लगिन आहे, त्यात आपण ठरवलेल्या पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून बनवलेली, उलट न फिरवता येणारी खूण) द्यायचा. बरेच जण इथे वैतागून जुनं व्हर्जन शोधायला लागतात, तसं अजिबात करू नका, ती अडवणूक तुमच्याच भल्याची आहे.

पीएचपीलाइटॲडमिन पण एकाच फाइलचा आणि खास एसक्यूलाइटसाठीच बनवलेला, पण मी तो लावून काढून टाकला. त्याचा डिफॉल्ट पासवर्डच ॲडमिन, आणि १.९.३ मध्ये तर आत शिरलेल्या माणसाला डेटाबेसच्या नावापुढे डॉट पीएचपी लावून, टेबलात कोड भरून तो सर्व्हरवर चालवता यायचा.

सर्व्हरवर पायथन असेल आणि एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित कमांड-लाइनने, शिरता येत असेल तर माझं मत सरळ एसक्यूलाइट-वेबला. पिपने इन्स्टॉल करा, फाइलचं नाव देऊन चालू करा. तो डिफॉल्टने १२७.०.०.१ वर, ८०८० पोर्टला बसतो, म्हणजे बाहेरून दिसतच नाही, आपण एसएसएच टनेल (सर्व्हरचा पोर्ट आपल्या लॅपटॉपवर आणणारी सुरक्षित वाट) काढून आपल्या ब्राउझरमध्ये बघायचं. पासवर्ड लावता येतो, रीड-ओन्ली मोड आहे, सीएसव्ही आणि जेसन दोन्ही आत-बाहेर करता येतं. फॉरेन कीचा (एका टेबलातली रो दुसऱ्या टेबलातल्या रोशी जोडणाऱ्या दुव्याचा) ऑप्शन मात्र आठवणीने चालू करा, कारण एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी सहसा बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते. ॲपमध्ये चालू आहे म्हणून एडिटरमध्येही असेल असं समजून पालक रो उडवलीत तर पोरक्या रो तशाच पडून राहतात आणि कुठलाही एरर येत नाही.

आणि लोकांना फक्त दाखवायचंच असेल तर डेटासेट (Datasette) हे टूल. २०१७ मध्ये आलेला, मुळात वाचण्यासाठीच केलेला, फिल्टर, फॅसेट (एका कॉलमप्रमाणे गटवार मोजणी), जेसन एपीआय सगळं तयार मिळतं. एडिटिंग हवं असेल तर प्लगिनच्या मागे लागावं लागतं, त्यापेक्षा एसक्यूलाइट-वेब बरा.

सगळं नीट लावूनही "रीडओन्ली डेटाबेस" असा एरर आला तर फाइलच्या परमिशनसोबत फोल्डरची पण बघा, कारण लिहिताना एसक्यूलाइट शेजारी जर्नल फाइल बनवतो आणि वेब सर्व्हरच्या युजरला त्या फोल्डरमध्ये लिहिता यायला हवं. म्हणून डेटाबेसला वेगळं फोल्डर द्या, तेही वेबरूटच्या, म्हणजे वेबसाइट ज्या फोल्डरमधून दिसते त्याच्या, बाहेर, नाहीतर यूआरएल ओळखून कोणीही अख्खी फाइल उतरवून घेईल.

"डेटाबेस इज लॉक्ड" आलं तर बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी लिहितंय, एका वेळी एकालाच लिहिता येतं. वॉल (WAL) मोडमुळे, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या पद्धतीमुळे, लिहिणं चालू असताना वाचणारे अडत नाहीत, पण मग ताज्या नोंदी काही वेळ शेजारच्या वॉल फाइलमध्येच असतात, म्हणून चालू डेटाबेसची नुसती मुख्य फाइल कॉपी करून बॅकअप घेतला असं धरू नका. एडिटर उघडायच्या आधी व्हॅक्यूम इंटू (VACUUM INTO) चालवून वेगळी प्रत काढा, ही कमांड एसक्यूलाइट ३.२७ पासून आहे.