स्पिल-फ्री नरसाळं: इंजिन बदललेल्या गाडीत कितपत कामाचं?

इंजिन बदलल्यावर कूलंट भरणं हे नेहमीच्या सर्व्हिसिंगपेक्षा अवघड काम. ब्लॉक, हेड, हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) सगळंच कोरडं असतं. त्यात नव्या इंजिनाचं थर्मोस्टॅट हाउसिंग (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेचं घर) बरेचदा रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर येतं. मग हवा हेडमध्येच अडकते. तापमानाचा सेन्सर त्या पोकळीत सापडला की डॅशबोर्डवरचा काटा खाली राहतो आणि हेड मात्र तापत जातं.

लाइल कंपनीचं 24680 हे स्पिल-फ्री नरसाळं यावर सरळ उपाय करतं. अडॅप्टरने ते रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसतं आणि कूलंटची सर्वांत उंच पातळी नरसाळ्यात येते. छोट्या जपानी तोंडाचा अडॅप्टर किटमध्ये आहे, शिवाय एक्स्टेंशन आणि 45 अंशांचा एल्बोही. बॉनेटखाली जागा कमी असेल तर एल्बोशिवाय भागत नाही.

इंजिन थंड असताना गाडीचं नाक वर करा. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर तो उघडा आणि ओतताना त्यातून बुडबुड्यांशिवाय धार आली की बंद करा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं मिसळून सावकाश ओता, वरचा होज दाबत राहा. नरसाळं एक तृतीयांश भरलं की हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. त्या वेळी पातळी एकदम खाली जाते आणि मोठे बुडबुडे येतात. नरसाळं रिकामं झालं तर हवा परत आत जाईल, त्यामुळे तिथून हलू नका. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, दांडीचा बूच लावा आणि उरलेल्या कूलंटसकट नरसाळं उचला. हा बूच म्हणजे या किटमधली सर्वांत उपयोगी वस्तू, जमिनीवर थेंब पडत नाही.

झाकण उघडं असल्याने हे सगळं दाबाशिवाय चालतं. निम्मंनिम्मं मिश्रण दाब नसताना 107 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून रेस 2000-2500 आरपीएमच्या वर नेऊ नका.

चुकीची जोडणी मात्र नरसाळं दुरुस्त करू शकत नाही. हीटरचा लांबवलेला होज नरसाळ्यातल्या पातळीच्याही वर जाऊन परत खाली येत असेल, तर त्या कमानीतली हवा हलतच नाही. तिथे ब्लीड स्क्रूवाला टी (तीन तोंडांचा जोड) किंवा वरच्या होजमध्ये इनलाइन फिलर नेक (कूलंट भरायचं तोंड) बसवावाच लागतो. थर्मोस्टॅटची जिगल पिन (हवा निसटू देणारी छोटी सैल पिन) वरच्या बाजूला हवी. ती नसेल तर प्लेटमध्ये 3 मिमीचं भोक पाडा. किती लिटर आत गेलं ते मोजा. पाच लिटरच्या सिस्टिमने साडेतीनच घेतले असतील तर दीड लिटर हवा अजून आत आहे.

पंखा चालून गेल्यावरही बारीक बुडबुडे एकसारखे येत राहिले तर हेड गॅस्केटचा संशय धरा आणि ब्लॉक टेस्टरने (कूलंटमध्ये इंजिनातला जळका वायू येतोय का ते दाखवणाऱ्या साधनाने) तपासा. सेकंडहँड इंजिन असेल तर ही तपासणी आधीच केलेली बरी.

स्क्रू झाकणाच्या दाबाच्या टाकीवर किटमधले खाचेचे अडॅप्टर बसत नाहीत. मागे किंवा मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांत होज लांबलचक असतात, तिथे कॉम्प्रेसरवर चालणारा व्हॅक्यूम फिलर घ्या. तो आधी हवाच ओढून घेतो आणि व्हॅक्यूम टिकतो का यावरून गळतीही कळते. होज चपटे होतील, ते साहजिक आहे. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर नाही आणि रेडिएटर पुढे आहे, त्यांनी आधी हे नरसाळंच घ्यावं.