एकच जनुक की जनुकांची जोडी?

गालाच्या आत तंबाखूने पांढुरका पडलेला टणक चट्टा आणि जबड्याखाली बोटाला लागणारी गाठ घेऊन रावेर-चोपड्याकडचे रुग्ण जळगावला येतात, तेव्हा कर्करोगाच्या घन गाठींवरील जनुकीय उपचारांचा, म्हणजे प्रतिकारशक्ती जागी करणारे एक जनुक गाठीत सोडावे की दोन, हा प्रश्न खानदेशाला दूरचा राहत नाही.

पहिला पर्याय एकाच प्रतिकारवर्धक रेणूचा आहे. अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेल्या टी-व्हेक या औषधात हर्पिसचा सौम्य केलेला विषाणू जीएम-सीएसएफ या प्रतिकारपेशी वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक मेलेनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) गाठीत नेतो. मुख्य चाचणीत टिकाऊ प्रतिसाद १६.३ टक्के रुग्णांत दिसला, तर तुलनेच्या गटात तो २.१ टक्के होता. मात्रा सांभाळणे यात सोपे. पण बहुसंख्य रुग्ण कोरडेच राहिले.

दुसऱ्या पर्यायात इंटरल्यूकिन-१२ हे प्रतिकारपेशींना चेतवणारे प्रथिन आणि बी७-१ हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रेणू, या दोघांची जनुके एकत्र दिली जातात. टी-पेशीला, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशीला, शत्रूची नुसती ओळख पटून भागत नाही, बी७-१ चा दुजोराही लागतो, आणि तो बहुतेक कर्कपेशी देत नाहीत; इंटरल्यूकिन-१२ त्यापुढे टी-पेशीला मारक बनवते. उंदरांमध्ये ही जोडी एकेकट्या जनुकापेक्षा सरस ठरली. मात्र जनुके वाहून नेणाऱ्या विषाणूतील जागा मर्यादित असते आणि विषारीपणाचा धोका वाढतो: १९९५ मध्ये इंटरल्यूकिन-१२ शिरेवाटे दिलेल्या चाचणीत दोन रुग्ण दगावले. म्हणूनच ते गाठीतच हवे. केळीला ठिबकने मुळाशी पाणी देणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको.

सुई थेट पोहोचेल अशा तोंडाच्या गाठीसाठी माझा कल जोडीकडे आहे, परंतु इंटरल्यूकिनचे जनुक गोळीने चालू-बंद करता येणारे असेल तरच.