उपवासाचा बटाटा: वेफर्स तळावेत की काचऱ्या कराव्यात?

संकष्टी आणि दोन एकादश्या धरल्या, तर आमच्याकडे महिन्यातले तीन दिवस बटाट्याचे. दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं करतोय, म्हणून लिहितो.

चवीला वेफर्सना तोड नाही. गच्चीवर वाळवलेली चकती तापल्या तेलात पडली की क्षणात फुलते. पण त्या हलकेपणानेच फसायला होतं. बाजारच्या 100 ग्रॅम वेफर्समध्ये साधारण 530 कॅलरी आणि 35 ग्रॅम तेल असतं. घरचेही फार मागे नसावेत. कच्च्या बटाट्यात तेवढ्याच वजनाला जेमतेम 77 कॅलरी. चकती जितकी पातळ, तितकं तेल जास्त धरते. पन्नास ग्रॅम वेफर्स बोलता बोलता संपतात आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

काचऱ्यांना पाव किलो बटाटे आणि दोन लहान चमचे तूप दोघांना पुरतं. सालासकट चिरल्या तर पोटाला आधार राहतो. 'क' जीवनसत्त्वही थोडंफार टिकतं. वाळवणात ते उकळत्या पाण्यात आणि उन्हात बरंचसं जातं. काचऱ्या गार झाल्या की मऊ पडतात आणि गॅसपाशी वीस मिनिटं उभं राहावं लागतं, हे मात्र खरं. दोन्हींत एक सांभाळावं. बटाटा 120 अंशांच्या वर कोरडा तापून तपकिरी होऊ लागला की ॲक्रिलामाइड, म्हणजे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन, तयार होतं. म्हणून सोनेरी रंगावर थांबावं आणि बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीत त्यांच्यातली साखर वाढते आणि ते लवकर करपतात.

माझ्यापुरता निकाल लागला तो उरलेल्या तेलावर. तळण झालं की कढईत अर्धी वाटी तेल राहतंच. तळाशी काळी कणी, वर खवट वास. टाकवत नाही, म्हणून डब्यात गाळून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच भाजीच्या फोडणीला. पुढच्या तळणीला ते फेसाळायचं, आणि रात्री माझी छाती जळजळायची. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक पोलर संयुगं साठतात. आपल्याकडे 2018 पासून त्यांची कायदेशीर मर्यादा 25 टक्के आहे. घरी ती मोजणार कोण? काचऱ्या सुरू झाल्या आणि तो डबा ओट्यावरून गेला. जळजळही जवळपास थांबली. प्रकृती ज्याची त्याची, पण माझा अनुभव हा.

वाळवण अजून घालतो, पूर्वीच्या निम्मं. आषाढीला चार-पाच चकत्या फोडणीच्या कढल्यात, एकेक करून तळतो. तेल उरतं जेमतेम चमचाभर.