इंकांच्या गावात गटासोबत जावं की आपले आपण?

स्पॅनिश येण्याआधी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात इंकांचं राज्य होतं; त्यांच्या तिथल्या पवित्र दरीत मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा बावीस जणांच्या आध्यात्मिक गटासोबत, दोन वर्षांनी फक्त बायकोबरोबर. माचू पिचू या इंकांच्या ओसाड नगरीला ठरलेल्या वेळेचं तिकीट आणि आखलेली वाट असते, त्यामुळे तिथे कुणासोबत गेलात याने फारसं बिघडत नाही. फरक जाणवतो तो ओयान्तायताम्बो, पिसाक, चिंचेरो अशा नांदत्या गावांत.

गटाची एक देणगी मी विसरणार नाही. पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, वाहतात तो 'देस्पाचो' आम्हाला एका केचुआ, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, म्हाताऱ्याच्या अंगणात बसून पाहता आला. कोकाची तीन-तीन पानं जुळवून त्यांवर हलकी फुंकर, डोंगरदेवांची नावं, मग कागदावर फुलं नि धान्य मांडून पुडकं बांधायचं आणि अग्नीला द्यायचं. माझे डोळे भरून आले. दुसऱ्या खेपेला असं घर आम्हाला सापडलं नाही.

माझं मन फिरलं ते एका छोट्या स्पीकरमुळे. गटप्रमुख प्रत्येक जागी ध्यानासाठी त्यावर बासरीची धून लावत. ओयान्तायताम्बो इंकांनी आखलेलं गाव. त्यांच्या दगडी भिंतींच्या घरांत आजही संसार चालू आहेत आणि गल्लीच्या कडेने पाटाचं पाणी खळाळत असतं. वर सूर्यमंदिराच्या सहा अजस्र गुलाबी शिळा. त्या नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून कशा आणल्या, हे स्थानिक गाईडबाई सांगू लागल्या आणि धून सुरू झाली. बाई थांबल्या, त्या थांबल्याच. आपल्या दिंडीतही गजर असतो, पण तो चालणाऱ्यांच्या गळ्यातला. इथे तो डब्यातून येत होता आणि पाण्याचा आवाज बुडवत होता.

दुसऱ्या खेपेला त्या शिळा कशा आणल्या, हे मी दुसऱ्या गाईडला विचारलं. त्याने आम्हाला बसवलं आणि खाण कुठे ते बोटाने दाखवलं. तिथून निघालेल्या काही शिळा वाटेतच राहिल्यात, त्यांना इथले लोक 'थकलेले दगड' म्हणतात. १५३६-३७ च्या उठावात इंका राजा मांकोने पाटांचं पाणी खालच्या मैदानात सोडून स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोचे घोडेस्वार मागे हटवले, हेही त्यानेच सांगितलं. मग तो गप्प बसला, आम्हीही. ध्यान म्हणाल तर मला ते तिथे लागलं.

तब्येतीचंही बघा. गटाने पहिले दोन दिवस कुस्को शहरात काढले, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, विरळ हवेत. माझं डोकं ठणकत होतं. पुढच्या वेळी आम्ही विमानतळावरून थेट ओयान्तायताम्बोला उतरलो, २,८०० मीटरच्या आसपास, आणि कुस्को शेवटी ठेवलं. त्रास जवळजवळ झालाच नाही. अर्थात, हा माझ्या शरीराचा अनुभव.

स्पॅनिश अजिबात येत नसेल, वय झालं असेल किंवा एकट्याने जायची धास्ती वाटत असेल, तर गट वाईट नाही; जेवणखाण, गाड्या, तिकिटं यांची काळजी राहत नाही. मात्र पैसे भरण्याआधी एवढं विचारा, की ओयान्तायताम्बोत मुक्काम किती रात्रींचा? आमच्या गटाचा एकाही रात्रीचा नव्हता. संध्याकाळी बसगाड्या निघून गेल्यावर त्या गल्ल्यांत फक्त पाणी ऐकू येतं, हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं.