घडी होणारी गाडी आणि माझे ८६,१३१ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो फुगत फुगत दीड लाखावर गेलाय. गेले ते ८६,१३१ रुपये. बुकिंगचे १,९९९, अलॉटमेंटचे ३४,९००, त्यावर जीएसटी म्हणून ६,२८२, विमा आणि पासिंगचे २७,४५० आणि सबसिडीच्या फाइलचे १५,५००. बदल्यात काय मिळालं, तर पीडीएफ. रंगीत, बारकोडसकट.

गाडी दोन माणसांची, विजेवर चालणारी, आणि पार्किंगमध्ये उभी केली की मागचा भाग पुढे सरकून घडी होणारी. किंमत ३,४९,००० रुपये. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण घोडबंदर रोडच्या सोसायटीत स्टॅक पार्किंगचा वरचा मजला ज्याच्या नशिबी आलाय, त्याने हसू नये. खालच्या प्लॅटफॉर्मवर शेजाऱ्यांची एसयूव्ही. ती निघाल्याशिवाय माझी गाडी खाली येत नाही. सकाळी ऑफिसला उशीर होत असताना शेजाऱ्यांची बेल वाजवून 'जरा गाडी काढता का' म्हणायचं आणि त्यांनी बनियनवर, दात घासत, किल्ली शोधायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला की माणसं एकमेकांची आईवडिलांपर्यंत चौकशी करतात. अशा माणसाला दीड मीटरची गाडी दाखवली तर त्याचं मन द्रवणारच.

आणि मी काही दिसेल त्या जाहिरातीवर बोट ठेवणारा माणूस नाही. ऑफिसात एकाने ४९९ रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह मागवला, तेव्हा त्यात फायली भरून मीच सिद्ध केलं होतं की आत ३२ जीबीची चिप आहे आणि कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगणारं फर्मवेअर. प्लगला लावायचा 'वीज बचत' डबा बहिणीच्या घरी मीच उघडला. आत एक कपॅसिटर आणि दिवा. घरगुती मीटर वापरलेले युनिट मोजतो, त्याला त्या कपॅसिटरशी देणंघेणं नसतं. २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या स्मार्टफोनसाठी लोक वेडे झाले होते, तेव्हाही घरात कुणाला बुकिंग करू दिलं नाही. नवीन काही निघालं की कुटुंबाच्या ग्रुपवर पहिलं मी टाकतो, आणि खरं की खोटं हेही लोक मलाच विचारतात. विचारायचे.

मग मी का अडकलो? याच माहितीमुळे अडकलो.

२०१२ च्या जानेवारीत ब्रसेल्सला हिरिको नावाची गाडी दाखवली होती. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबची सिटीकार नावाची कल्पना घेऊन स्पेनच्या बास्क भागातल्या कंपन्यांनी ती तयार केली होती. मोटर चाकांतच बसवलेल्या, आणि आत शिरायचं ते समोरची काच वर उचलून. घडी झाली की साधारण दीड मीटर लांब. तिचे फोटो मी तेव्हा सगळ्या ऑफिसला मेल केले होते. ती बाजारात कधी आलीच नाही, हेही मला पक्कं माहीत होतं.

रात्री मोबाइल चाळताना जाहिरात दिसली. तीच घडी, तसंच पुढून उघडणारं दार, फक्त रंग पोपटी आणि मागे वाशीच्या पुलासारखा पूल. त्या क्षणी खाडकन कळायला हवं होतं की कुणीतरी जुना व्हिडिओ उचलून रंगवलाय. मला काय वाटलं असेल? 'अरे, ही तर ती! शेवटी बनवली कुणीतरी.' आनंद झाला हो मला. गाडी पूर्ण अनोळखी असती तर मी दहा ठिकाणी शोधलं असतं. ओळखीची निघाली म्हणून शोधलंच नाही. तो व्हिडिओ नंतर मी इतक्यांदा पाहिलाय की घडी होताना मागच्या भिंतीवरची सावली जागची हलत नाही, हे आता डोळे मिटूनही दिसतं. तेव्हा नाही दिसलं.

किंमतही अशक्य वाटली नाही. पुण्यातल्या एका कंपनीची ईव्हा ही छतावर सोलर पॅनल असलेली छोटी गाडी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात सव्वातीन लाखांपासून जाहीर झाली होती, बॅटरीचं भाडं वेगळं. ती खरी कंपनी, खरी गाडी. चोर असल्या खऱ्या बातमीच्या सावलीतच दुकान मांडतात.

फोनवरचा मुलगा शुद्ध मराठी बोलायचा. 'सर, नॅनो आली तेव्हाही लोक हसलेच होते ना? पाडव्याला गाडी दारात उभी करतो. वहिनींना सांगा, पूजेचं ताट तयार ठेवा.' पाडव्याचं नाव काढलं की आपण घाई करतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मुहूर्ताची घाई जो विक्रेता करेल त्याचा फोन तिथेच ठेवा.

आता जीएसटी. मी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघतो. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के लागतो, १ ऑगस्ट २०१९ पासून, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पावतीवर १८ टक्के होता. मी विचारलं, गप्प बसलो नाही. तो म्हणाला, 'सर, गाडीवर पाचच आहे. अलॉटमेंट ही सर्व्हिस आहे, तिला अठरा.' उत्तर खोटं होतं, पण खुळ्यासारखं नव्हतं. अकाउंट्सचा माणूसच अशा उत्तराने गप्प होतो, दुसरा कुणी भांडत बसला असता. त्यांचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, अंक-अक्षरं मिळून पंधरा, सगळं जागच्या जागी. तो पोर्टलवर टाकून बघितला तो नंतर. लॉगिनसुद्धा लागत नाही. नंबर प्लास्टिकच्या पिशव्या विकणाऱ्या कुठल्याशा फर्मचा निघाला. पैसे देण्याआधी तुम्ही बघा.

विम्याचा कागद तर चक्क पुरावाच होता. विमा निघायला चेसिस नंबर लागतो, आणि चेसिस नंबर पडायला गाडी बनलेली असावी लागते. माझी गाडी 'असेंब्लीला लागायची' होती आणि विमा मात्र निघालेला! त्या सतरा अक्षरी नंबरात इंग्रजी ओ होता. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण एक आणि शून्याशी गोंधळ होतो. शिवाय अशी गाडी रस्त्यावर यायची तर आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मंजुरी, लागतं. ते प्रमाणपत्र मागा, समोरचा तुम्हाला ब्लॉक करेल.

सबसिडीचे १५,५०० कसे गेले ते सांगताना अजून कान गरम होतात. पीएम ई-ड्राइव्हमधून ७५,००० परत मिळतील म्हणाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक आणि बस यांच्यासाठी काढलेली. खासगी कारला त्यात एक पैसा नाही. पण अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झालाय हे खरं होतं आणि तेही तोच सांगत होता, म्हणून दुसरंही खरं वाटलं.

यानंतर त्याने वाहतुकीचे १९,८०० मागितले, तेव्हा मी म्हटलं, मीच येतो गाडी न्यायला. पत्ता महापे एमआयडीसीचा होता. ऐरोलीवरून गेलो, प्लॉट सापडला. गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनत होती. वॉचमनने मला बघितलं आणि म्हणाला, 'गाडीसाठी आलात ना काका? आत विचारू नका, शेठ चिडतात.' म्हणजे माझ्याआधी किती जण येऊन गेले असतील बघा. मी रिक्षात बसून त्या मुलाला फोन लावला, तर नंबर बंद.

आता यंत्रणेबद्दल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पोच क्रमांक मिळाला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. म्हणून सांगतो, संशय आला की आधी १९३०, बायकोला नंतर सांगा. मग घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, 'कंपनीचा पत्ता नवी मुंबईचा, तिकडे जा.' तिकडे गेलो तर, 'तुमचं खातं ठाण्याचं, नुकसान तिकडे झालं.' खाडीच्या दोन्ही काठांवर एकच खुर्ची आणि एकच उत्तर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. त्याची प्रिंट काढून घेऊन गेलो. 'कायदा आम्हाला शिकवू नका, काका. आणि अकाउंटंट असून फसलात?' शेजारी पासपोर्टच्या कामाला आलेला माणूसही हसला. एफआयआर नाही, नुसता अर्ज, त्यावर शिक्का. शिक्काही मागून घ्यावा लागला.

बँकेची तर वेगळीच तऱ्हा. अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. मॅनेजर बाईंनी शांतपणे सांगितलं, 'पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अधिकृत.' बरोबर आहे. पण मग खोट्या नावाने खातं उघडून घेणाऱ्या त्या दुसऱ्या बँकेला कुणी काही विचारायचं की नाही? केवायसीसाठी माझ्या आईला, वय ७८, व्हीलचेअरवरून शाखेत आणायला लावलं होतं याच लोकांनी. चोरांचं केवायसी कोण करतं?

एका खात्यात ९,७१२ रुपये गोठलेले आहेत. म्हणजे दिसतात, मिळत नाहीत. ती बँक म्हणते पोलिसांचं पत्र किंवा कोर्टाचा आदेश आणा, पोलीस म्हणतात बँकेला विचारा. साडेनऊ हजारांसाठी वकील लावला तर तोच बारा घेईल.

माझ्या मेहुण्याचेही १,९९९ गेले, मी ग्रुपवर टाकलं म्हणून. 'जाऊ द्या भावोजी' म्हणाला. त्याला ते रोख परत केले, घेत नव्हता. वरच्या आकड्यात ते धरलेले नाहीत.

कालपासून तीच गाडी निळ्या रंगात, दुसऱ्या नावाने फिरतेय. बुकिंग आता ९९९. जाहिरातीची तक्रार केली, तर नियमांचं उल्लंघन आढळलं नाही असं यंत्राचं उत्तर आलं. कुणाला दिसली तर स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेबसाइटचा पूर्ण पत्ता आणि यूपीआय आयडी दिसायला हवा. मी घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पत्ता अर्धाच आला आणि तो पोलिसांनी बाजूला ठेवला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर संशयितांची माहिती द्यायची सोय आहे, तिथे टाका. पैसे गेलेले नसले तरी टाकता येते.